भाकरीचे झाड जपणारी गावे

फ्रान्सच्या दक्षिणेकडील आर्देश जिल्ह्यात ऑक्टोबर उजाडला, की डोंगरी गावांतली माणसे चेस्टनटच्या झाडाखाली जमतात. काटेरी बोंडे उकलून तपकिरी फळे आपोआप गळतात. ती वाकून वेचायची, नाहीतर जाळी अंथरून गोळा करायची. खडकाळ उतारावर गहू फारसा साधत नसे. पिढ्यान्‌पिढ्या लोक याच फळावर जगले, म्हणून ते 'भाकरीचे झाड'! वर्षाच्या बेगमीसाठी दगडी खोपीच्या माळ्यावर फळे पसरून खाली कित्येक आठवडे मंद धुनी पेटती ठेवीत.

पुढे मुळे कुजविणारा रोग आला. कातडी कमावण्याच्या अर्कासाठी झाडांवर कुऱ्हाडही चालली. माणसे शहराकडे गेली, बागा ओस पडल्या. तरी उरलेल्यांनी जुन्या जाती राखल्या आणि नावाचा हक्क मागितला. २००६ मध्ये फ्रेंच सरकारने 'आर्देश चेस्टनट' या नावाला संरक्षण दिले, २०१४ मध्ये युरोपीय संघाने. आता दर शरदात गावोगाव जत्रा भरतात. भाजलेली फळे, पीठ, मुरंबा शेतकरी स्वतः विकतात.

आपल्या कोकणच्या हापूसलाही २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मंडळी, झाडाखाली वाकणारे हात गावात टिकले, तरच नावाला मोल.