रिसॉर्ट राहू दे, कुंडावर चला!

परीक्षा संपली की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘कुठे जायचं?’ मग लोणावळा, अलिबाग, पुन्हा लोणावळा आणि शेवटी प्लॅन बारगळतो. खिशात मोजके पैसे आणि हातात एकच रविवार असेल, तर या थंडीत वज्रेश्वरीचा विचार करून बघा.

वसई किंवा विरारला उतरायचं आणि वज्रेश्वरीची एसटी पकडायची. वाटेत तुंगारेश्वरचे डोंगर दिसतात. २००३ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं जंगल बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला तानसा अभयारण्याशी जोडतं. पुढे तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही गावं लागतात. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत वज्रेश्वरीला नवस बोलला, १७३९ मध्ये किल्ला सर झाला आणि देवीचं मंदिर उभं राहिलं, असं सांगतात. मंदिर पाहून अकलोलीच्या कुंडांकडे वळा.

आता प्रश्न पडेल, इथे ज्वालामुखी नाही, मग पाणी गरम कसं? हे पाणी म्हणजे मुळात पाऊसच. डोंगरावर पडलेला पाऊस काळ्या खडकातल्या भेगांमधून खोल मुरतो. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं आणि येताना खडकातले क्षार घेऊन येतं. पार राजापूरपर्यंत कोकणात असे झरे आहेत.

म्हणजे जंगल आणि कुंड या दोन वेगळ्या ‘स्पॉट’च्या गोष्टी नाहीतच! झाडं असली की पावसाचं पाणी धावत सुटत नाही, मुरतं. डोंगर बोडका झाला तर पाऊस माती घेऊन सरळ नदीत जाणार. त्यामुळे तुंगारेश्वरच्या जंगलात जाल तेव्हा ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा, वेफर्सची पाकिटं परत आणा आणि वनखात्याने दिलेली वेळ पाळा.

कुंडावर गेलात की आणखी एक लक्षात ठेवा. तुम्ही मजेसाठी जाता, पण दुखरे गुडघे घेऊन आलेल्या आजी आणि लांबून आलेले भाविकही तिथेच असतात. साबण-शाम्पू नको, रील काढताना कुणाची आंघोळ फ्रेममध्ये नको. आधी हाताने पाण्याचा अंदाज घ्या, काही कुंडांत चांगलाच चटका बसतो. पाच-दहा मिनिटं पुरे. चक्कर येतेय असं वाटलं तर लगेच बाहेर या. डोकं बुडवू नका. कोमट, गोड्या पाण्यातला एक घातक अमीबा नाकावाटे शरीरात शिरू शकतो. अशी लागण फार क्वचित होते, पण झाली तर जिवावर बेतते. आणि तानसा कितीही शांत दिसली, तरी पोहायला उतरू नका.

रिसॉर्टमध्ये पैसे मोजले की पाणी आपल्यापुरतं असतं. कुंडाचं तसं नाही. तुमच्यानंतर कुणीतरी त्याच पाण्यात पाय सोडून बसणार आहे. त्यांच्यासाठी ते स्वच्छ राहील, एवढं बघा.