दहा हजार फेकींचा मासा

मासा पकडणे आणि मासा शोधणे या दोन निराळ्या विद्या आहेत. आमच्या रत्नागिरीकडे खाडीवर गळ टाकून बसलेल्या माणसाला विचाराल, तर तो तिथी सांगेल, भरतीची वेळ सांगेल आणि स्वस्थ बसेल. भरतीच्या पाण्याबरोबर मासाच त्याच्याकडे येतो. पण जिथे भरती नाही, ओहोटी नाही, आणि मासाही अफाट पाण्यात एकटा राहणारा, तिथे त्याला गाठावे कसे? या प्रश्नाचे उत्तर २०२४ च्या जुलैत, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, धाकट्या भावाच्या होडीत बसून मी तीन दिवस ऐकले आणि पाहिले.

तळ्याचे नाव लीच लेक. त्याला तळे म्हणणे मराठीच्या प्राध्यापकाला जरा जडच जाते; कारण त्याचा विस्तार चारशे चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ आपल्या बृहन्मुंबईएवढा आहे. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत सारे पाणीच पाणी आहे अशी कल्पना करा. त्यात तुम्हाला एका गृहस्थांना भेटायचे आहे. त्यांचा पत्ता ठाऊक नाही, आणि भेटले तरी ते बोलतीलच असा भरवसा नाही!

हे गृहस्थ म्हणजे मस्की. पूर्ण नाव मस्कलंज. ते आले आहे त्या भागातील ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या भाषेतून. लीच लेक त्यांच्याच राखीव प्रदेशात मोडते. त्यांच्या भाषेत ‘गिनोझे’ म्हणजे पाइक मासा, आणि ‘माशकिनोझे’ हा त्याचा थोरला भाऊबंद. अंग लांबोडके, जबडा बदकाच्या चोचीसारखा चपटा, दात असे की साधा तंगूस क्षणात तुटावा. म्हणून गळाच्या अलीकडे तारेचा तुकडा जोडावा लागतो. चार फुटांचा मस्की काही नवलाचा नव्हे. पण त्यांची वस्ती फार विरळ. एक मासा मिळायला गळ दहा हजार वेळा फेकावा लागतो, अशी तिकडे म्हणच आहे.

पहिल्या दिवशी सकाळी तळ्याकडे बघून मी विचारले, “सुरुवात कुठून करायची?”

भाऊ म्हणाला, “दादा, मासा शोधायचाच नाही. त्याचं ताट शोधायचं.”

मस्कीच्या ताटात मुख्यतः दोन पदार्थ. एक पर्च, हा उथळ पाण्यातल्या वनस्पतींत राहतो. दुसरा टलिबी, हा थंड, खोल पाण्यात थव्याने हिंडतो. मस्की या दोहोंच्या सीमेवर दबा धरतो. पाणवनस्पतींचे रान जिथे संपते ती कड, खडकांची बुडालेली रांग जिथून एकदम खोल जाते ती धार, आणि त्यातही वारा ज्या बाजूला आपटतो तो काठ. वाऱ्याबरोबर सूक्ष्म जीव लोटले जातात, त्यांच्यामागे लहान मासे, आणि लहानांमागे मोठा. नव्वद टक्के तळे अशा रीतीने भावाने नकाशावरच रद्द करून टाकले.

उरलेल्या पाण्यात मासा असला तरी तो जागा असेलच असे नाही. मस्की एकदा पोटभर जेवला की सुस्त पडून राहतो. नाकासमोरून आमिष नेले तरी ढुंकून पाहत नाही. त्याच्या जागेपणाच्या वेळा थोड्या आणि आखूड. पहाट, संध्याकाळ, वादळ येण्यापूर्वीची घटका, आणि चंद्र उगवण्या-मावळण्याची वेळ. या शेवटच्या वेळेवर मस्कीवाल्यांची मोठी श्रद्धा. भरती-ओहोटी नसलेल्या पाण्यावरही माणसे चंद्राचे वेळापत्रक खिशात घेऊन बसतात हे पाहून मला आपल्या खाडीवरच्या मंडळींची आठवण झाली.

म्हणून भाऊ प्रथम भराभर हिंडला. केसाळ शेपटीचे, फिरत्या पात्याचे आमिष तो फेकी आणि वेगाने ओढी. एका जागी पंधरा-वीस मिनिटांहून अधिक थांबत नसे. दोन दिवस हातांना घट्टे पडण्यापलीकडे काही पडले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र आमिषामागून एक लांब सावली आली. भावाने काठीचे टोक पाण्यात बुडवून होडीशेजारीच आमिषाने एकाखाली एक असे दोन वळसे काढले. हा इंग्रजी आठाचा आकडा प्रत्येक फेकीच्या शेवटी काढायचाच असतो, कारण पुष्कळ मस्की तिथवर येऊन मग तोंड घालतात. सावली क्षणभर थबकली आणि खाली विरून गेली.

मला हळहळ वाटली. भाऊ मात्र आनंदला होता. जागा टिपून ठेवत तो म्हणाला, “पत्ता कळला. आता हिला छेडायचं नाही. उद्या चंद्र उगवताना यायचं.”

दुसरा दिवस गुरुपौर्णिमेचा. दुपारी उथळ खाडीत भावाने उष्णतामापक पाण्यात सोडला. पारा २७ अंशांवर. त्याने काठ्या गुंडाळल्या. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो; झुंजून थकलेला मासा सोडून दिला तरी पुढे मरतो. रजेचा अखेरचा दिवस, साडेतीन तासांचा प्रवास करून आलेला माणूस, आणि तो दुपारभर सावलीत बसून राहिला!

त्याच सावलीत त्याने १९५५ च्या जुलैची गोष्ट सांगितली. त्या वेळी याच तळ्यात मस्की एकाएकी खवळल्यासारखे आमिषावर तुटून पडू लागले आणि थोड्याच दिवसांत शंभरावर मासे मारले गेले. दोरीला टांगलेल्या त्या माशांचे छायाचित्र आजही तिकडे प्रसिद्ध आहे. आता मिनेसोटाच्या बहुतेक तळ्यांवर ५४ इंचांहून लहान मस्की ठेवताच येत नाही, आणि त्याहून मोठाही बहुतेक लोक सोडून देतात.

संध्याकाळी वारा सुटला. तळ्याच्या मोकळ्या भागात पाणी बरेच निवले होते. सूर्य बुडाला, पूर्वेला तांबूस चंद्र वर आला आणि आम्ही टिपलेल्या धारेवर पोहोचलो. सातव्या की आठव्या फेकीला, आठाच्या दुसऱ्या वळशावर पाणी फुटले. काठी वाकली, होडी डगमगली. दोन-तीन मिनिटांत मासा मोठ्या जाळ्यात होता. भावाने तो पाण्याबाहेर काढलाच नाही. जाळ्यातच गळ कापून मोकळा केला, पट्टी लावली. ४८ इंच.

मग जे झाले ते मी विसरणार नाही. भावाने एका हाताने शेपटीचा देठ धरला, दुसरा हात पोटाखाली दिला आणि तो वाट पाहू लागला. मासा हलेना. कल्ले उघडत होते, मिटत होते. मिनिटे गेली. मी काही विचारणार तोच तो पुटपुटला, “बोलू नकोस, दादा.” तीन दिवस ज्याच्यासाठी रक्त आटवले, तो मासा हातात होता आणि तो निघून जावा म्हणून माझा भाऊ जीव मुठीत धरून बसला होता. अखेर शेपटीने एक जोराचा हिसका दिला, आमच्या तोंडावर पाणी उडाले आणि हात रिकामे झाले.

तो एवढा मोठा व्हायला दहा-पंधरा वर्षे लागली असतील. एवढ्या पाण्यात त्याला शोधायला वारा, ऊन, चंद्र, पर्च आणि टलिबी एवढ्या सगळ्यांची चौकशी करावी लागली. ज्याला इतके ओळखावे लागते, त्याला मारणे कठीण होऊन बसते. मासा शोधण्याच्या विद्येचा शेवटचा धडा हाच असावा.