दाण्यातलं ऊन कुठं जातं?

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. कयाधूच्या काठी ज्वारीचं एखादं शेत डोळ्यांपुढं आणा. त्यात ज्वारीची ताटं हजारोंनी असतात. उंदरांची बिळं जागोजाग सापडतील. धामण मात्र एखाददुसरीच दिसेल. आणि वर आभाळात घिरट्या घालणारी घार तर चार-पाच शेतं मिळून एक. उंदीर एवढे आहेत, तर घारीही पुष्कळ का नसाव्यात?

याचं उत्तर शोधायला सूर्यापासून सुरुवात करावी लागते. ज्वारीचं हिरवं पान म्हणजे एक छोटा कारखानाच म्हणा ना. हवेतला कर्बवायू आणि मुळांनी ओढलेलं पाणी घेऊन ते उन्हाच्या बळावर साखर तयार करतं. त्या साखरेतूनच पुढं ताट होतं, कडबा होतो, दाणा होतो. म्हणजे दाणा हे साठवलेलं ऊनच आहे. पण पान सगळं ऊन पकडतं असं नाही बरं का! शेतावर पडणाऱ्या उन्हाचा जेमतेम शंभरावा हिस्सा पिकात साठतो; पुष्कळदा त्याहूनही कमी. बाकीचं ऊन माती तापवण्यात आणि पाण्याची वाफ करण्यात जातं, काही तसंच परत फेकलं जातं. जे साठतं तेही थोडं नव्हे. किलोभर ज्वारीत सुमारे ३,४०० उष्मांक असतात. राबणाऱ्या माणसाचा एक दिवस त्यात निघतो.

आता हा दाणा उंदरानं खाल्ला असं धरू. उंदीर काय करतो? पळतो, बीळ उकरतो, पिलं पाजतो आणि मुख्य म्हणजे रात्रंदिवस अंग गरम ठेवतो. खाल्लेल्यातलं काही लेंड्यांवाटे जातं. उरलेल्यापैकी बहुतेक या धडपडीत खर्ची पडतं आणि उष्णता होऊन हवेत मिसळतं. उंदराच्या अंगी मांस म्हणून जे राहिलं, तेवढंच धामणीच्या पोटी जायचं. आणि धामणीच्या अंगी राहिलं तेवढंच घारीच्या.

दर पायरीला साधारण दहावा हिस्सा पुढं सरकतो, असा ढोबळ हिशेब शास्त्रज्ञ सांगतात. ढोबळच, कारण कुठं तो पाच टक्के भरतो, कुठं वीस. आणि उबदार रक्ताच्या प्राण्यांत त्याहूनही खाली येतो. तरी दहाव्या हिश्शानंच मोजून पाहा. दाण्यात दहा हजार उष्मांक असले, तर उंदरांत हजार, धामणीत शंभर आणि घारीत दहा. कालव्याचं पाणी टोकाला पोचेस्तोवर किती उरतं, ते शेवटच्या शेतकऱ्याला विचारावं, तसंच हे आहे. फरक एवढाच, की कालव्यातून झिरपलेलं पाणी कुणाच्या तरी विहिरीला लागतं. हवेत गेलेली ही उष्णता मात्र कोणत्याही पानाला पुन्हा पकडता येत नाही. म्हणून अन्नाची साखळी चार-पाच कड्यांपुढं फारशी लांबत नाही, आणि म्हणूनच घार एखादीच.

वरच्या पायरीवरचे प्राणी संख्येनं कमी असतात, हे चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२७ सालीच मांडलं होतं. पण त्यामागचा ऊर्जेचा जमाखर्च लिहिला तो रेमंड लिंडेमन या अमेरिकन तरुणानं. मिनेसोटा राज्यातल्या एका लहानशा तळ्याचा त्यानं काही वर्षं अभ्यास केला. त्यावरचा त्याचा गाजलेला लेख १९४२ साली छापून आला. पण तो पाहायला लिंडेमन राहिला नाही. वयाचं सत्ताविसावं वर्ष पुरं होण्याआधीच तो वारला.

त्या तळ्याचा हिशेब आपल्या पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणालाही लागू पडतो. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, ते खाणारे सूक्ष्म जीव असतात, त्यांच्यावर जगणारे मासे असतात. मरळ हा दुसऱ्या माशांवर ताव मारणारा मासा, म्हणजे वरच्या पायरीचा. रोहू, कटला, मृगळ हे शेवाळ, बारीक जीव आणि तळाचा कुजका गाळ यांवर वाढतात. ते सूर्याच्या एक-दोन पायऱ्या जवळ आहेत. म्हणून तेवढ्याच पाण्यात नि तेवढ्याच उन्हात रोहू-कटल्याचं वजन मरळीपेक्षा कितीतरी जास्त निघतं. तलावांत आणि शेततळ्यांत मत्स्यबीज सोडताना हेच तीन मासे सहसा का निवडतात, ते आता ध्यानात येईल.

साखळी हा शब्द सोयीचा आहे. प्रत्यक्षात असतं ते जाळं. उंदराला धामण खाते, तसंच घुबड खातं, मुंगूस खातं, कोल्हाही खातो. धामण बेडूकही गिळते. जाळ्याचा एक धागा तुटला, तरी त्यातून जाणारी ऊर्जा थांबत नाही. ती दुसऱ्या वाटेनं जाते, आणि ती वाट आपल्या फायद्याची असेलच असं नाही. धामण बिनविषारी, पण साप दिसला की काठी उगारायची ही आपली रीत. एक धामण मेली की तिच्या तोंडचे उंदीर वाचले. आणि ते उंदीर दाणा खाणार तो आपल्याच शेतातला.

गिधाडांचं तर देशभर झालं. मेलेल्या जनावरांच्या अंगातली ऊर्जा ही गिधाडांची शिदोरी. १९९० नंतर ती झपाट्यानं नाहीशी होऊ लागली. गुरांना देण्यात येणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यातून त्यांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ साली उघड झालं. २००६ साली जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. तोवर काही जातींची शंभरातली पंचाण्णवाहून जास्त गिधाडं गेली होती. मढी मात्र पडतच राहिली, आणि त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली.

आता सर्वांत मोठा वाटेकरी राहिला, तो म्हणजे माती. हिरवं असताना कुणी खाल्लं नाही असं पुष्कळ काही शेतात आणि रानात उरतं: पालापाचोळा, मुळं, धसकटं, सोयाबीनचं कुटार. हे साठलेलं ऊन गांडुळं, वाळवी, बुरशी आणि सूक्ष्म जंतू महिनोन् महिने पुरवून खातात. खाता खाता त्यातली अन्नद्रव्यं मोकळी करून पुढच्या पिकाच्या मुळाशी ठेवतात. इथं एक भेद ध्यानात घ्यावा. नत्र, स्फुरद ही द्रव्यं मातीतून पिकात आणि पिकातून मातीत अशी फिरत राहतात. ऊर्जा फिरत नाही. ती एकदाच येते आणि निघून जाते.

म्हणूनच सुगीनंतर बांधावर कुटाराचा ढीग पेटवला, की मातीतल्या जीवांची कित्येक महिन्यांची बेगमी तासाभरात धूर होऊन जाते. बरोबर बराचसा नत्रही जातो. राख उरते, पण राखेवर गांडूळ जगत नाही. पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवल्या तर बोंडअळीला आसरा मिळतो, हे खरं. तेव्हा त्या उपटाव्यात, यंत्रानं बारीक कराव्यात आणि शेणाबरोबर खड्ड्यात घालून चांगल्या कुजवाव्यात. कुटार आधी गुरांपुढं टाकावं. उरेल ते उकिरड्यात जाऊ द्यावं. पानांनी वर्षभर राबून शंभरातला एक हिस्सा ऊन पकडलेलं असतं. त्यातलं माणसाचं आणि गुरांचं पोट भरून जे उरेल, ते काडी न लावता मातीला द्यावं.