जहाजाच्या भिंतीतलं गाणं

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी मालिकेत चार माणसांना एक गाणं ऐकू येतं, पण ते सलग कधीच नाही. तिसऱ्या सीझनचे शेवटचे दोन भाग मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकले, ते या तुकड्यांसाठी. कर्नल टाय अंतराळातल्या जहाजाच्या भिंतींना कान लावत फिरतो. सतारीचे मोजके सूर झिरपतात आणि ओळख पटायच्या आत विरून जातात. अँडर्स रेडिओच्या खरखरीत तेच शोधतो. टायरॉल आणि टोरीलाही ते छळतं. मग गाण्याचे शब्द साध्या बोलण्यातून येऊ लागतात. चौघं एका खोलीत जमतात, आपण माणसं नसून सायलॉन, म्हणजे माणसांसारखे दिसणारे यंत्रमानव, आहोत हे त्यांना उमगतं, आणि अखेरीस चाल सगळ्या वाद्यांनिशी उसळून येते.

हे गाणं बॉब डिलनचं, ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’, १९६७ सालचं. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सने ते गिटारवर असं वाजवलं, की अनेकांना ते त्याचंच वाटतं. इतकं ओळखीचं गाणं पृथ्वी न पाहिलेल्या माणसांच्या जहाजात आणायचं, ही मोठी जोखीम. ऐकणाऱ्याला गायकाचा चेहरा आठवला की ते जग कोसळलंच. निर्माता रोनाल्ड मूरने ठरवलं होतं, की त्या विश्वात डिलन नाहीच. तिथल्याच कुणाला तरी हेच गाणं सुचलं आहे. संगीतकार बेअर मॅक्रिअरीने ते कानांना पटवून दिलं. इलेक्ट्रिक सतार, हार्मोनियम, आर्मेनियातलं दुदुक यांवर त्याने चाल नव्याने बांधली आणि ती आपल्या भावाकडून गाऊन घेतली.

मी पेटीवर तिचे बुडाचे स्वर लावून पाहिले: सा, कोमल नी, कोमल ध, पुन्हा कोमल नी. प्रत्येक कडव्याला एवढंच. पंचमावर टेकून षड्जावर येणं, ज्याने गाणं मुक्कामाला पोचल्यासारखं वाटतं, ते इथे नाही. त्यामुळे चाल कुठेही तोडता येते, कुठूनही उचलता येते. घडलेलं पुन्हा घडणारच, असं मानणाऱ्या मालिकेला याहून योग्य चाल क्वचितच मिळाली असती.

शीर्षकसंगीताचं मात्र मला तसं वाटत नाही. त्यात गायत्री मंत्र आहे. मुंजीत तो ऐकलेल्या माणसाला अंतराळयान दिसायच्या आधी घरचं देवघर दिसतं. त्या मंत्राला त्या जगात कुणी जागाच करून दिलेली नाही.

वॉचटॉवरला ती मिळत राहते. चौथ्या सीझनमध्ये हेरा ही चिमुरडी कागदावर रंगीत ठिपके काढते. वैमानिक कारा थ्रेस ते स्वर म्हणून पियानोवर वाजवते आणि तिला कळतं, ही चाल वडिलांनी लहानपणी शिकवली होती. शेवटच्या भागात, वेळ संपत आलेली असताना, ती प्रत्येक स्वराला आकडा देते आणि ते आकडे जहाजाच्या अंतराळातल्या उडीसाठी भरते. जहाज आपल्या पृथ्वीपाशी येतं. दीड लाख वर्षांनंतरच्या न्यूयॉर्कमध्ये वाजते ती थेट हेंड्रिक्सची ध्वनिमुद्रिका, आणि तिथे ती मला अजिबात खटकत नाही. इथवर येईपर्यंत चाल पुरती त्या माणसांची झालेली असते.