पहारेकऱ्याचा ताळेबंद

मागच्या दोन पायांवर ताठ उभा, पुढचे पाय पोटाशी घेतलेले आणि नजर आभाळात घिरट्या घालणाऱ्या गरुडावर. मीरकॅट या प्राण्याचे हे चित्र कॅलेंडरांतून आपण पाहिलेले असते. १९९४ च्या ‘द लायन किंग’मधला टिमॉन तर नातवंडांच्या ओळखीचाच. इतरांसाठी उन्हात उभा राहणारा हा नि:स्वार्थी पहारेकरी! निदान आपली समजूत तशी.

नावात ‘कॅट’ असले तरी मांजराशी याचे जवळचे नाते नाही. हा आपल्या मुंगसाचा आफ्रिकेतला भाऊबंद. दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, नामिबिया आणि अंगोलाचा नैर्ऋत्य कोपरा एवढाच त्याचा मुलूख. वजन पाऊण किलोच्या आसपास. मुंगसाला प्रत्येक पायाला पाच बोटे, याला चारच. पण नख्या लांब, वाळू उपसण्यासाठीच घडवलेल्या. खोदताना कानात वाळू जाऊ नये म्हणून कान मिटतात. डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळे उन्हाची तिरीप सौम्य करतात. पोटावर केस विरळ आणि कातडी काळी. थंड पहाटेनंतर बिळाबाहेर येऊन तो पोट सूर्याकडे करतो आणि अंग शेकून घेतो.

कालाहारीच्या वाळवंटात टिम क्लटन-ब्रॉक यांनी १९९३ मध्ये या प्राण्यांचा अभ्यास सुरू केला. एकेका मीरकॅटला माणसाची सवय लावून, तराजूत बसवून वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या गेल्या. १९९९ मध्ये त्यांनी पहाऱ्याचा हिशेब मांडला. पहाऱ्याला बहुधा तोच चढतो, ज्याचे पोट भरलेले असते. आणि संकट दिसले की बिळात सुरक्षित पोचणाऱ्यांत तोच आघाडीवर असतो. म्हणजे त्याग नव्हे. शिल्लक असेल तेव्हा केलेला खर्च.

पण म्हणून सारेच स्वार्थाच्या खात्यावर टाकता येत नाही. पिल्ले सांभाळायला बिळापाशी थांबलेला मीरकॅट दिवसभर उपाशी राहतो, वजन गमावतो. ती पिल्ले त्याची स्वत:ची नसतात. मोठी भावंडे पिल्लांना विंचू खायला शिकवतात. आधी मेलेला विंचू, मग नांगी काढलेला, शेवटी जिवंत. २००६ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘शिकवणे’ हा शब्द प्राण्यांसाठी वापरताना शास्त्रज्ञांचा संकोच थोडा कमी झाला.

याच कुटुंबाची दुसरी बाजू काळी आहे. कळपात बहुतेक पिल्ले एकाच कर्त्या मादीची. दुसरी कोणी व्याली तर तिची पिल्ले अनेकदा मारली जातात. गाभण मादीला कळपाबाहेर हाकलतात. त्यातली एखादी परत येते आणि कर्तीच्या पिल्लांना स्वत:चे दूध पाजते. आश्रयाचे भाडेच म्हणा. २०१६ मध्ये हजाराहून अधिक सस्तन प्राण्यांतील हिंसेची तुलना झाली, तेव्हा स्वजातीयांकडून होणाऱ्या मृत्यूंत मीरकॅटच पहिला निघाला: जवळजवळ पाचांत एक.

जगाच्या नोंदीत आज ही जात संकटग्रस्त नाही. तरीही एकेका कळपाचे भवितव्य पावसावर टांगलेले असते. दुष्काळात किडे कमी होतात, वजने घटतात आणि दुसऱ्याचे पिल्लू सांभाळण्याची ऐपतच उरत नाही.

मला वाटते, या प्राण्याकडून शिकायचे ते इथे आहे. परोपकार हा केवळ स्वभावाचा प्रश्न नसतो. त्याला भरलेले पोट लागते. कुटुंबातल्या सेवेचे गोडवे गाताना, आपण हा प्रश्न क्वचितच विचारतो: पहाऱ्यावर उभा असलेला जेवला आहे का?