लेकरे, बैलगाडी आणि जत्रा

माघ महिन्यात कर्नाटकातल्या चिंचलीला मायाक्कादेवीची जत्रा भरते. सांगली-कोल्हापूरकडची पुष्कळ मंडळी जातात. काही जण आजही बैलगाडी जुंपतात. गाडीत लहान लेकरे असतातच.

एकदा आम्हीही असेच निघालो. वाटेत पाण्यापाशी थांबलो आणि बैल सोडले. लेकरे गाडीत मागच्या अंगाला खेळत होती. जू मोकळे होताच वर उडाले. गाडी मागे उलटली. लेकरे कडब्यासकट खाली आली. खाली कडबा आला म्हणून वाचली. चूक आमचीच होती.

असे का झाले? गाडीचे ओझे दोन चाकांमधल्या कण्यावर तोललेले असते. ओझे पुढे सरकले, तर गाडी धुरजड होते. बैलांच्या मानेवर भार येतो. मागे सरकले, तर गाडी उलाळ होते. जू वर उचलते. जुंपलेले बैल ते खाली धरून ठेवतात. बैल सुटले, की गाडी उलटते.

म्हणून एवढे करा. लेकरांना गाडीत मधोमध बसवा. खाली कडबा पसरा, वर घोंगडे टाका. दोन्ही बाजूंना तट्ट्या बांधा. पाय बाहेर सोडू देऊ नका. चाकाच्या आऱ्यांत गेला, तर मोडेल. बायांनी पदर खोचून घ्यावा. एका जाणत्या माणसाने लेकरांकडेच बघावे. अंधार पडला, तर मागे बॅटरी पेटती ठेवा. मोटारवाल्याला गाडी दिसली पाहिजे. आणि थांबलात, की आधी लेकरे उतरवा, मग बैल सोडा.

दर्शनाला थोडा उशीर झाला तरी चालेल. लेकरू हसत घरी आले, म्हणजे जत्रा पावली.