जुनी नौका विकायची आहे? जाहिरातीआधी कागद पाहा

मिरकरवाडा, हर्णै, नाटे या बंदरांवर जुनी नौका आजवर ओळखीपाळखीनेच विकली जात आली. घेणारा येई, फळ्या ठोकून पाही, इंजिन सुरू करून घेई आणि चार माणसांसमोर विसार देई. आता ओएलएक्ससारख्या संकेतस्थळावर किंवा फेसबुकवर जाहिरात दिली की रायगड-पालघरचे गिऱ्हाईकही विचारणा करते. बाजार मोठा झाला हे खरे. पण दूरच्या गिऱ्हाइकाला आपली ओळख नसते. म्हणून जाहिरातीतील माहिती आणि हातातील कागद यांवरच सौदा ठरतो, असे आम्हांस वाटते.

जाहिरातीत नौकेची लांबी-रुंदी, लाकडी की फायबरची, बांधणीचे वर्ष, इंजिनाची कंपनी व अश्वशक्ती आणि शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली हे लिहावे. जाळी व यंत्रे किमतीत धरली आहेत की नाहीत, तेही स्पष्ट करावे. तळाचे व इंजिनाचे फोटो द्यावेत. नौका शाकारण्यापूर्वीच ते काढून ठेवावेत. एखादी फळी बदललेली असेल तर ती दाखवावी. ऐब लपवला तर गिऱ्हाईक किनाऱ्यावर येऊन परत जाते; वेळही जातो आणि नावही जाते.

जाहिरात मे महिन्यात द्यावी हे बरे. तेव्हा नौका पाण्यात चालवून दाखवता येते. जून-जुलैच्या बंदीत ती किनाऱ्यावर ओढली की तळही तपासता येतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कागदांची. नोंदणी कोणाच्या नावे आहे, मच्छीमार सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज बाकी आहे काय, हे आधी पाहावे. मासेमारीचा परवाना नौकेबरोबर आपोआप जात नाही. त्याची चौकशी दोघांनी मिळून मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. 2008 च्या मुंबई हल्ल्यात कुबेर ही मासेमारी नौका वापरली गेली आणि त्यानंतर नौकांच्या कागदांची तपासणी कडक झाली. पैसे मिळाले, नौका गेली, पण नोंदणीवर नाव आपलेच राहिले, तर पुढे तिच्या हातून काही घडल्यास पहिली विचारणा आपल्याकडेच होणार. म्हणून नावबदलाचा अर्ज दाखल झाल्याशिवाय नौका पाण्यात सोडू नये.

एक सावधगिरी आणखी. नौका न पाहताच विसार पाठवतो म्हणणारा आणि त्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा किंवा पिन टाका म्हणणारा ठग समजावा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकली की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे.

गिऱ्हाईक मोबाईलवर शोधावे, पण व्यवहार किनाऱ्यावर, साक्षीदारांसमोर करावा आणि रक्कम बँकेतून घ्यावी.